नवे शॉकअप टाकूनही गाडी घाटात डुलते आणि खडखडते: सस्पेन्शनचा हा त्रास पुन्हा पुन्हा का येतो आणि कसा घालवायचा

तक्रार साधारण अशी असते. गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेली. घाटात वळणाला बाहेरच्या बाजूला झुकते, खड्ड्यातून गेली की दोन-तीन हेलकावे खाते, पाच माणसं बसली की मागून गतिरोधकाला लागते. मालक चारही शॉकअप बदलतो. हौस असेल तर चांगल्यातले गॅसचे टाकतो, सोबत कडक स्प्रिंगही घेतो. सुरुवातीला गाडी एकदम घट्ट वाटते. मग एक पावसाळा सरतो आणि पुन्हा तेच: वळणावर डुलणं, पुढून टकटक, स्टिअरिंगमध्ये सैलपणा. गॅरेजवाला म्हणतो, शॉकअप गेले. मालक म्हणतो, कंपनीच भिकार. आणि पुन्हा नवे शॉकअप येतात.

माझं म्हणणं असं की अशा गाड्यांमध्ये बहुतेक वेळा दोष त्या नव्या शॉकअपचा नसतोच. एक तर त्याच्या आजूबाजूचे झिजलेले भाग तसेच राहिलेले असतात, नाही तर नवे भाग ज्या पद्धतीने कसले गेले त्या पद्धतीतच ते लवकर मरणार हे ठरून गेलेलं असतं. हे दोन्ही तपासल्याशिवाय रोड-हँडलिंग सुधारायला म्हणून पैसे घालणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं.

खालचं सगळं पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी, पीळ घेणारी आडवी तुळई) असलेल्या गाड्यांना धरून लिहितोय. स्विफ्ट, आय२०, टियागो, अमेझ, पोलो, सगळ्या याच बांधणीच्या. मॅकफर्सन स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात, वर बॉडीला माउंट, खाली नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, आणि नकलला जागेवर धरणारा खालचा आडवा दांडा, म्हणजे लोअर आर्म. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. पण भाग कमी म्हणजे प्रत्येकावर भार जास्त. लोअर आर्मच्या सांध्यातला एक बुश (रबरी गादी) सैल झाला तर चाकाची दिशाच बदलते, मग वर कितीही महागाचा शॉकअप असो.

आधी गाडी ओळखा, मग दुकानात जा

सुरुवात टायरपासून. हवा गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. पंपावर सरसकट पस्तीस-छत्तीस भरून देतात, त्यावर गाडीची परीक्षा करू नका. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: ३२१७ म्हणजे २०१७चा बत्तिसावा आठवडा. इतका जुना टायर खोलगट नक्षी असूनही ओल्या घाटात पकडत नाही, आणि लोक त्याचं खापर सस्पेन्शनवर फोडतात. मग टायरवरून तळहात फिरवा. नक्षीत ठराविक अंतराने खोलगट चट्टे लागले तर चाक रस्त्यावर उडतंय, म्हणजे शॉकअप दमलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट्या दिशेने कडा टोचतात, तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडलेला आहे.

सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांना चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. चारही आकडे लिहून ठेवा, हे पुढे फार उपयोगी पडणार आहेत. एकाच अॅक्सलवर डाव्या-उजव्यात सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा तिचं टोक तुटलंय. कोकणातल्या गाड्यांमध्ये खालच्या बैठकीत चिखल-पाणी साचून स्प्रिंगचा शेवटचा वेढा गंजून मोडतो आणि तुकडा तिथेच अडकून राहतो. वरून बघून कळत नाही, बोट घालून चाचपावं लागतं.

शॉकअपच्या अंगावर तेल दिसलं की लगेच गेला असं समजू नका. सीलजवळ धूळ चिकटलेला हलका ओलसरपणा चालतो. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर मात्र तो गेला. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते बघण्याची पद्धत सगळे वापरतात. तिच्यात पार मेलेला शॉकअप कळतो, अर्धा मेलेला कळत नाही.

आता आवाज. आवाजाचं नीट ऐकलं तर निम्मं काम होतं. हळू वेगात, बारीक उंचसखल रस्त्यावर टकटक येत असेल तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या, म्हणजेच अँटी-रोल बारच्या, लिंक रॉडवर. खात्री करायची सोपी युक्ती आहे: दोन्ही बाजूच्या लिंक सोडवून, बांधून ठेवून, गल्लीतल्या गल्लीत अगदी हळू फिरवून बघा. आवाज थांबला तर दुसरं काही उघडायची गरज नाही. तशी गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊ नका. जागेवर स्टिअरिंग फिरवताना वरून ‘टण्’ असा आवाज आणि हाताला झटका आला तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडकलंय, स्प्रिंग पीळ घेऊन सुटते आहे. ब्रेक मारताना किंवा गाडी उचलताना एकच ‘धप्’ येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश. मोठ्या खड्ड्यात खाडकन धातू आपटल्यासारखं वाटलं तर बंप स्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण दबताना धक्का झेलणारा मऊ ठोकळा, उरलेला नाही.

समृद्धीवर किंवा पुणे-मुंबई द्रुतगतीवर सरळ जाताना गाडी सतत थोडी थोडी सावरावी लागते, ही तक्रार घेऊनही लोक शॉकअप बदलायला निघतात. तिथे जवळपास कायम टो किंवा लोअर आर्मचा बुश निघतो. शॉकअप वर-खालच्या हालचालीवर ताबा ठेवतो, चाकाची दिशा तो धरत नाही.

चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बॉल जॉइंट (आर्म आणि नकल जोडणारा गोळ्याचा सांधा) की व्हील बेअरिंग, हा प्रश्न येतो. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा बुश. बुशसाठी टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म मागे-पुढे रेटून बघायचा. नुसतं टॉर्च मारून ‘बरा दिसतोय’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, भार नसताना फाटलेला बुशही मिटलेलाच दिसतो.

एक गाडी जवळून

कराड-चिपळूण अशी नेमाने ये-जा करणारी एका परिचितांची सेडान. कुंभार्ली घाटात ती खालून वर येताना त्रास द्यायची नाही, उतरताना मात्र प्रत्येक वळणात आधी नाक बुडायचं, मग गाडी झुकायची आणि वळण संपता संपता एक जादाचा हेलकावा. शॉकअप आणि लोअर आर्म दोन्ही एका पावसाळ्यापूर्वीच नवे टाकलेले. मालकांचा ठाम समज की माल डुप्लिकेट निघाला.

रॅम्पवर घेतली. पुढचे दोन्ही शॉकअप पाझरत होते. डस्ट कव्हर नव्हतं आणि त्याच्या आत जो बंप स्टॉप असतो तोही नव्हता. जुना भुगा झाला म्हणून काढून टाकलेला आणि नवा घातलेलाच नाही. त्यामुळे शॉकअपच्या दांड्यावर सरळ चिखलाचा मारा. डावीकडच्या दांड्यावर वरच्या आट्यांखाली पान्ह्याच्या दातांच्या चार-पाच समांतर खुणा होत्या, नखाला लागतील इतक्या. वरचा नट कसताना दांडा फिरतो, म्हणून कुणी तरी तो पकडीने आवळून धरलेला. मोठा गचका बसला की तो खरचटलेला भाग सीलमधून आत जातो आणि प्रत्येक वेळी सीलची कड थोडी कापतो. नव्या मालाचं तेल असंच गळलं होतं. तो दांडा धरायला वरच्या टोकात ॲलन की बसेल अशी जागा किंवा चपटी कड मुद्दाम दिलेली असते. न्यूमॅटिक गन लावली की कामाला मिनिट लागत नाही, पण तिने आतला दांडा गरागरा फिरतो आणि पिस्टनचा नटही सैल होऊ शकतो. वरचा नट हातानेच कसायचा.

लोअर आर्मचे मागचे बुश दोन्ही बाजूंना फाटलेले होते, आणि दोन्ही एकाच दिशेने: रबरात चंद्रकोरीसारखी भेग, आतल्या लोखंडी बाहीपासून सुरू झालेली. खड्ड्याच्या माराने फाटलं तर दोन्हीकडे इतकं सारखं फाटत नाही. ही खूण पिळाची होती, आणि माझ्या मते पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्रासातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण हेच आहे.

बोल्ट कसताना चाक कुठे होतं?

लोअर आर्मचा बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी कडं, आत एक बाही, आणि मधे दोघांनाही चिकटवलेलं रबर. बोल्ट कसला की आतली बाही सबफ्रेमला (गाडीखालच्या चौकटीला) पक्की आवळली जाते. ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तो फक्त रबराच्या पिळावर. म्हणजे ज्या क्षणी बोल्ट कसला, त्या क्षणी आर्म ज्या कोनात असतो तीच रबराची आरामाची जागा ठरते.

आता गॅरेजमध्ये काय होतं बघा. गाडी दोन खांबी लिफ्टवर. चाकं खाली लोंबकळत. आर्म पूर्ण खाली झुकलेला. त्याच अवस्थेत बोल्ट काडकन कसला. गाडी खाली उतरली, आर्म वर आला, आणि रबर उभ्या गाडीतच पीळ खाऊन राहिलं. त्यावर पुढचा प्रत्येक खड्डा तो पीळ वाढवतो. नवा, अस्सल, कंपनीचा बुशसुद्धा असा वर्ष काढत नाही. शिवाय पिळलेलं रबर स्वतःच एक छोटी स्प्रिंग होऊन गाडीला थोडं उचलून धरतं, म्हणून सुरुवातीला गाडी ‘घट्ट’ वाटते. रबर फाटलं की तो घट्टपणा जातो.

यावर उपाय बिनपैशाचा आहे. आर्म बसवताना बोल्ट फक्त हाताने लावायचे, अंतिम कसायचे नाहीत. शॉकअप, लिंक, चाक सगळं लावून झालं की गाडी चाकांवर उभी करायची: पिटवर (खालून काम करायच्या खड्ड्यावर) असेल तर उत्तम, चार खांबी अलाइनमेंट रॅम्पवर असेल तरी चालतं. हाताने तीन-चारदा दाबून बसू द्यायची आणि मगच खालून टॉर्क रेंचने (किती जोराने कसलं ते दाखवणाऱ्या पान्ह्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यावर बोल्ट कसायचे. दोन खांबी लिफ्टशिवाय सोयच नसेल तर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ, उभा जॅक लावून तो इतका वर घ्यायचा की चाकाचा मध्य ते फेंडर हे अंतर तुम्ही सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्याइतकं येईल. टेपचा आकडा यासाठी जपायचा होता. जॅक देताना गाडी लिफ्टच्या पॅडवरून उचलली जात नाही ना, याकडे एकाने नजर ठेवायचीच.

मागच्या टॉर्शन बीमच्या दोन बुशांनाही हाच नियम. आणि स्प्रिंग बदलून गाडीची उंची बदलली असेल तर जुने बुश असले तरी हे सगळे बोल्ट एकदा सैल करून नव्या उंचीवर परत कसायचे. बाजारातल्या उत्तम किटनंतरही गाडी लवकर खडखडायला लागते, त्यामागे बहुधा हा एवढाच राहिलेला टप्पा असतो.

बुश प्रेसने बसवायचा असेल तर आणखी एक गोष्ट. मागच्या मोठ्या बुशात बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते, कडेवर खूण असते. ती खूण आर्मवरच्या खुणेशी जुळवायची. हातोडीने ठोकून, जशी जाईल तशी बसवली तर ब्रेकचा जोर रबराच्या पातळ बाजूवर येतो. मला विचाराल तर दोन्ही बुश आणि बॉल जॉइंटसकट आख्खा आर्म घेणं बरं पडतं. मजुरी एकदाच लागते आणि प्रेसचा प्रश्न राहत नाही.

मिस्त्रीला हे सांगायचं कसं, असा प्रश्न अनेकांना पडतो. सरळ सांगायचं: “दादा, आर्मचे बोल्ट गाडी चाकावर उतरवून कसूया, मी थांबतो.” चांगला माणूस लगेच हो म्हणतो, त्याला ते माहीत असतं, घाईत राहून जातं. “काय फरक पडतो” असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

आता अपग्रेड

वरचं सगळं ठाकठीक असेल तरच पुढचं वाचा. अनेकांची गाडी इथवर आल्यावर इतकी सुधारते की पुढे काही करावंसं वाटत नाही.

गाडीचा भार पेलते ती स्प्रिंग. हलायला लागल्यावर ती हालचाल शमवतो तो शॉकअप. वळणावर डाव्या-उजव्यातला झुकाव रोखतो तो अँटी-रोल बार. तिघांची कामं वेगळी आहेत आणि एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की त्रास सुरू.

कडक स्प्रिंग घेताना हे ध्यानात ठेवा की स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. तार १२ मिलिमीटरची १३ झाली, बाकी सगळं तेच, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. डोळ्याला फरक दिसत नाही, कंबरेला कळतो. आणि स्प्रिंग कडक झाली की तिला आवरायला शॉकअपही तसा लागतो: स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर पूर्वीइतकाच ताबा राहायला शॉकअपचा विरोध साधारण १४ टक्के वाढवावा लागतो. जुनेच शॉकअप ठेवून नुसत्या कडक स्प्रिंग टाकल्या तर गाडी वळणात कमी झुकेल, पण उसळेल जास्त. घाटातल्या फाटलेल्या डांबरावर चाक जमिनीला चिकटून राहणं हीच पकड असते. उसळणाऱ्या चाकाला पकड नसते. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच निवडायचे, एकाच निर्मात्याने एकमेकांसाठी जुळवलेले.

स्प्रिंग कापून गाडी खाली घेणं हा प्रकार अजून चालतो. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते, कापलेलं टोक बैठकीत बसत नाही, आणि चाक हवेत गेलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. हे करू नका, कुणी करत असेल तर थांबवा. वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफरही मला पटत नाहीत. ते वेढ्याचा एक भाग अडवून धरतात, गाडी वर दिसते, मागून लागत नाही, म्हणून लोक खूश होतात. पण शॉकअप तोच राहतो, परतीची उसळी वाढते आणि ताण नेमका बफरच्या कडेला स्प्रिंगच्या एकाच जागी येतो. मागून गाडी लागते याचं खरं उत्तर म्हणजे थकलेल्या मागच्या स्प्रिंग बदलणं, आणि स्टिकरवरच्या पूर्ण भाराच्या आकड्याइतकी हवा भरणं.

गाडी खाली घ्यावी का? आमच्याकडे हा प्रश्न येतो तेव्हा मी आधी विचारतो, रस्ता कुठला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, सावकाश चढणारा असतो. गावोगावी जे असतात ते फूट-दीड फूट रुंदीचे उभे बांध. दुसरं म्हणजे मॅकफर्सन गाडी फार खाली घेतली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गाडीच्या उंचीपेक्षा झपाट्याने खाली जातो. परिणाम उलटा होतो: गाडी खाली असूनही झुकायची ओढ वाढते. शिवाय टाय रॉडचा (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याचा) कोन बदलल्यामुळे खड्ड्यात चाक वर गेलं की आपोआप थोडं वळतं, स्टिअरिंग झटके देतं. आणि बंप स्टॉप न बदलता गाडी खाली घेतली तर वळणात बाहेरचं चाक सरळ बंप स्टॉपवर टेकतं, त्या क्षणी स्प्रिंग जणू दगड होते आणि पकड अचानक सुटते. पंचवीस-तीस मिलिमीटरच्या पलीकडे रोजच्या गाडीने जाऊ नये असं माझं मत आहे. कोकणात, सह्याद्रीत राहणाऱ्याने तर उंची आहे तशीच ठेवावी.

मग करावं काय? माझा क्रम असा: मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंग, चांगले गॅसचे शॉकअप, नवे माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर, आणि चांगले टायर. मूळ शॉकअप बहुधा दुहेरी नळीचे असतात. सलग खराब रस्त्यावर त्यातल्या तेलात हवा मिसळून फेस होतो आणि ताबा सुटत जातो. गॅसच्या दाबाने हा फेस कमी होतो. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये तरंगता पिस्टन तेल आणि नायट्रोजन वेगळेच ठेवतो, दाबही २० बारच्या वर असतो. घाट उतरताना शेवटच्या वळणापर्यंत ते सारखेच वागतात. पण दगड लागून एकेरी नळीला पोचा पडला तर पिस्टन थेट तिथे अडकतो, दुहेरी नळीचा शॉकअप बाहेरच्या नळीवरचा पोचा सोसून नेतो. वरंधा किंवा ताम्हिणीत दरडीच्या दिवसांत जाणाऱ्याने याचा विचार करून निवड करावी.

अँटी-रोल बारही जाडीच्या चौथ्या घातातच कडक होतो, २० मिलिमीटरचा २२ केला तर जवळपास ४६ टक्के. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचा बार जाड केला तर गाडी कमी झुकते खरी, पण वळणात नाक बाहेर ओढायला लागते. मागे जाडी वाढवली तर नाक वळायला लागतं, पण पावसाळी घाटात वळणाच्या मधेच ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू सरकू शकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता ओला असतो, म्हणून मागचा बार हा पर्याय मी सहसा सुचवत नाही.

पॉलियुरेथेनचे बुश रोजच्या गाडीत नकोत. चिखलपाण्यात ग्रीस धुऊन जातं, करकर सुरू होते आणि रस्त्याचा प्रत्येक खडा केबिनमध्ये येतो.

टायर रुंद करायचे तर बाहेरचा व्यास जपा. १६५/८० आर१४ च्या जागी १८५/६५ आर१५ घेतला तर व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपासच राहतो, स्पीडोमीटर चुकत नाही, आतल्या फेंडरला घासत नाही. टायर किती भार पेलतो ते सांगणारा त्याच्या बाजूवरचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीत बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मूळ मापाचे चांगले शॉकअप वेगळे आणि गाडीची ठेवणच बदलणं वेगळं. विमा कंपनीला विचारून पुढे जा.

बसवताना

स्प्रिंग दाबलेली असताना तिच्यात माणूस मारण्याइतकी ताकद असते. समोरासमोर दोन कॉम्प्रेसर लावून ती बैठकीवरून सैल झाल्याची खात्री झाल्याशिवाय मधला नट सोडायचा नाही. घरी पहिल्यांदाच करत असाल तर हे काम बाहेर द्या.

दुहेरी नळीचे शॉकअप डब्यातून काढले की उभे धरून तीन-चारदा पूर्ण दाबून पूर्ण ओढा. आडवे ठेवल्यामुळे आत गेलेली हवा निघते. नाही तर पहिल्या दिवसापासून मधेच पोकळ जागा जाणवते आणि माल खराब असल्याचा संशय येतो. शॉकअप नेहमी जोडीने बदला. एक नवा, एक जुना असेल तर ब्रेकमध्ये गाडी तिरकी जाते.

अलाइनमेंट त्याच दिवशी. स्ट्रटचे नकलला जोडणारे दोन बोल्ट सोडले की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा तिरकेपणा, बदलतोच, आणि त्याच्यामागे टो. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या. नुसता पुढचा टो जुळवून ‘झालं’ म्हणणाऱ्याला मागच्या चाकांचे आकडेही दाखवायला सांगा. टॉर्शन बीमला तिथे जुळवाजुळव नसते, त्यामुळे मागचा आकडा लाल आला तर बीम वाकलाय किंवा त्याचा बुश गेलाय. हे पुढे स्टिअरिंग कितीही सरळ केलं तरी जाणार नाही.

कुंभार्लीच्या त्या सेडानला शेवटी नवे लोअर आर्म, मूळ उंचीच्या स्प्रिंग, गॅसचे शॉकअप आणि वरचा सगळा किरकोळ माल लागला. बोल्ट पिटवर, चाकांवर उभी करून कसले. उताराच्या वळणातला तो जादाचा हेलकावा गेला. झुकणं थोडं उरलंय, आणि तेवढं त्या उंचीच्या गाडीत राहणारच.

पाचशे-हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने तपासा, टेपने चारही उंची पुन्हा मोजा. नवी स्प्रिंग थोडी बसते. उंची बदललेली दिसली तर अलाइनमेंट पुन्हा.

आणि हे सगळं करूनही एकाच बाजूने ठक-ठक राहिली तर बॉनेट उघडून स्ट्रट जिथे बॉडीला धरला जातो तो टॉवर बघा, वरचं कव्हर काढून, वायर ब्रशने घासून. सबफ्रेमचे बोल्टही बघा. किनारपट्टीवरच्या जुन्या गाड्यांमध्ये माउंटच्या भोवती रंगाखाली गंज धरतो आणि वेल्डच्या कडेने केसासारखा तडा जातो. दुसऱ्या कुणाला स्टिअरिंग फिरवायला सांगून तिथे बोट ठेवलं तर पत्रा हललेला जाणवतो. तिथे तडा असेल तर शॉकअपची खरेदी थांबवा, गाडी घाटात नेऊ नका, आणि आधी बॉडीशॉपकडे जा.